दुसरी कॉइलही गेली. तिसरी घेण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलेलं आधी एकदा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि सावकाश चालवली तर काही त्रास नाही. पण चढ लागला किंवा ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड आला, दोन नंबरची कॉइल बदलली, काही आठवडे गाडी छान चालली आणि पुन्हा तेच सुरू झालं. काढलेली कॉइल तुम्ही मल्टिमीटरवर मोजलीत तर आकडे व्यवस्थित आले. आता गॅरेजवाले म्हणतात चारही कॉइल बदला, आणि तुम्ही विचारताय की बदलू का.

माझं उत्तर: अजून एकही कॉइल घेऊ नका. एका सिलिंडरवर लागोपाठ दोन कॉइल गेल्या, तर कॉइलला काहीतरी मारतंय असं मी धरतो. ते शोधलं नाही तर चार नव्या बसवूनही दोन नंबरची पुन्हा जाईल. दुसरी शक्यता अशी की कॉइल कधी गेलीच नव्हती. बदलताना कनेक्टर काढून घट्ट बसवला गेला, प्लगवरचा बूट (कॉइलची रबरी नळी) हलला, तेवढ्याने गाडी सुधारली आणि श्रेय नव्या कॉइलला मिळालं. यातलं तुमच्या गाडीत काय झालंय हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. प्लग किती किलोमीटर चाललेत, गाडी सीएनजीवर चालते का, प्लगच्या होलमध्ये तेल आहे का, कॉइलला पिना दोन आहेत की तीन-चार, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे आणि हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम कारणांसकट सांगतो.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. दिवा नुसता पेटून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, सांगत असतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होईल इतकं मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये जळण चुकणं, चालू आहे. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल आणि हवा तशीच सायलेन्सरच्या वाटेने जाते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. कॉइल हा त्या मानाने किरकोळ खर्च आहे, कन्व्हर्टर नाही. त्यामुळे निदान होईपर्यंत गाडीवर जोर टाकू नका. दिवा लुकलुकायला लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय उचला.

आता कोड. पी ०३०२ ‘कॉइल खराब आहे’ असं म्हणत नाही. दोन नंबरच्या सिलिंडरने आपला धक्का दिला नाही, एवढंच तो म्हणतो. ईसीएम क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, वेग सतत मोजत असतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला वेग जरासा पडतो, त्याच्या नावावर मिसफायर लिहिला जातो. तो ठिणगीमुळे पडला, पेट्रोल न आल्याने पडला की व्हॉल्व्ह नीट न बसल्याने, हे क्रँकला कळत नाही. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कोड मात्र वेगळे. कॉइलच्या विजेच्या सर्किटमध्येच ईसीएमला गडबड दिसली तर ते येतात, आणि आले तर मी थेट वायरिंग आणि कनेक्टरकडे जातो. तुमच्याकडे त्यातला एकही आलेला नाही, म्हणजे कॉइलचं प्रायमरी (ईसीएमच्या बाजूचं) सर्किट निदान ईसीएमला दिसेल असं तुटलेलं नाही.

कोडच्या जोड्याही बोलतात. एक आणि चार, किंवा दोन आणि तीन असे एकत्र आले आणि गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असेल तर कॉइलवर संशय पक्का होतो, कारण १-३-४-२ या क्रमाच्या इंजिनात त्याच जोड्या एका कॉइलवर असतात. एक आणि दोन असे शेजारी-शेजारी आले तर मला हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं पॅकिंग) आठवतं. पी ०३०० एकटाच आला, कुठलाच एक सिलिंडर ठरत नाही, तर कॉइलच्या आधी मी पेट्रोलचा दाब आणि हवेची गळती बघतो. आणखी एक सूचना: मिसफायरसोबत पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, आला तर लगेच त्याच्या मागे धावू नका. सिलिंडरमध्ये जळण झालं नाही की तिथला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, सेन्सरला तो जास्त दिसतो आणि ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मिसिंगचाच तो परिणाम असू शकतो.

तुमच्या वर्णनातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग म्हणजे ‘जोर दिला की झटके’. यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेच्या प्रायमरीतून ईसीएम साधारण दोन ते चार मिलिसेकंद करंट सोडतो, तो सहा-आठ अँपिअरच्या घरात जातो आणि मग एकदम तोडतो. चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या, कित्येक पट जास्त फेऱ्यांच्या सेकंडरीत हजारो व्होल्ट उभे राहतात. किती उभे राहतात हे कॉइल ठरवत नाही, प्लगचा गॅप (दोन टोकांमधली फट) ठरवतो. गॅप ओलांडायला जेवढं लागतं तेवढंच व्होल्टेज चढतं आणि ठिणगी पडली की तिथून खाली येतं. इंजिन सावकाश फिरत असताना दहा हजार व्होल्टच्या आसपास भागून जातं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाबल्यावर ती जास्त घट्ट होते, आणि घट्ट हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. हीच मागणी वीस-पंचवीस हजारांकडे सरकते.

वीज शेवटी पाण्यासारखीच, सोपी वाट मिळाली की तिकडे वळते. बूटला बारीक चीर असेल, प्लगच्या चिनीमातीवर कार्बनची रेघ असेल किंवा कॉइलच्या आतलं इन्सुलेशन कमकुवत झालं असेल, तर दहा हजारांपर्यंत ते तग धरतं आणि पुढे हार मानतं. ठिणगी गॅपमध्ये पडायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरते. म्हणून सावकाश चालवताना गाडी गुणी असते आणि चढावर झटके देते.

मल्टिमीटरने तुम्हाला फसवलं ते इथेच. मीटर कॉइलवर जेमतेम एक-दोन व्होल्ट लावून रोध मोजतो. वाइंडिंग तुटलंय का, एवढं तो सांगेल. वीस हजार व्होल्टला इन्सुलेशन फुटतं का, हे तो कसं सांगणार? प्रायमरी अर्धा-एक ओहम आणि सेकंडरी सहा ते पंधरा हजार ओहमच्या दरम्यान आली म्हणजे कॉइल ठीक, असं धरून बसू नका. उलट बाजूने मात्र मीटर खरं बोलतो: प्रायमरी तुटलेली दिसली तर कॉइल गेलीच. आणि हेही फक्त दोन पिनांच्या साध्या कॉइलला लागू आहे. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलच्या पोटातच बहुधा ट्रान्झिस्टर असतो, तिथे पिनांवर ओहम मोजून काहीच हाती लागत नाही. काही कॉइलच्या सेकंडरीत डायोड असतो, तिथे चांगली कॉइलही तुटलेली दिसते. माझ्या दृष्टीने मीटरचा चांगला उपयोग एकच: गाडीतल्याच बाकी तीन कॉइलशी तुलना. तीन एका आकड्यावर आणि एक वेगळी, तर तिच्याकडे बघायचं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी बंद. पहिली चाचणी बिनखर्चाची आहे: दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर. फक्त कॉइल बदलायची, प्लगला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम हलवले तर दोष कोणाचा हे कळत नाही आणि चाचणी वाया जाते. बूट सुटा होत असेल तर आता तोही ज्याच्या त्याच्या कॉइलवरच राहू द्या. कोड पुसा, गाडी त्याच चढावर न्या, तसाच थोडा वेळ जोर द्या. पी ०३०३ आला तर दोष कॉइलसोबत गेला, म्हणजे कॉइलमध्ये किंवा तिच्या बूटमध्ये आहे. पी ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे आणि दोष त्या सिलिंडरजवळ आहे: प्लग, वायर, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण). दोन नंबर म्हणजे नेमका कुठला, हे मात्र पुस्तिकेत बघून घ्या. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत मोजणी बेल्ट किंवा चेनच्या बाजूने सुरू होते, पण सगळ्यांत नाही.

कॉइल काढताना घाई नको. कनेक्टरची प्लास्टिकची खिट्टी उष्णतेने कडक झालेली असते, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली की तुटते, आणि तुटलेल्या खिट्टीचा कनेक्टर पुढे हादऱ्यांनी सैल होतो. खिट्टी दाबण्याआधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग दाबा, मग ओढा. बोल्ट काढल्यावर कॉइल सरळ वर खेचू नका. आधी डावी-उजवीकडे थोडी फिरवा. रबराचा बूट प्लगला चिकटलेला असतो, फिरवल्याने सुटतो, नाहीतर तो फाटून खालीच राहतो.

कॉइल हातात आली की खरी तपासणी इथे आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बूटमध्ये टॉर्च मारून बघा. स्प्रिंग गंजली आहे का, तिची टोकं काळी पडलीत का? मग बूट बोटांनी जरा ताणून आतली भिंत बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी किंवा राखाडी रेघ दिसली, किंवा पांढुरका ठिपका आणि त्यात सुईच्या अग्राएवढं भोक दिसलं, तर वीज तिथून बाहेर पडत होती. आता प्लग काढा. त्याआधी होलमध्ये हवा मारून कचरा उडवा, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडेल. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, वरच्या टोकापासून खालच्या षटकोनाकडे उभी उतरत गेलेली तशीच रेघ आहे का बघा. बूटमधली आणि प्लगवरची रेघ बहुतेक वेळा समोरासमोर जुळतात.

ही रेघ म्हणजे कार्बनची वाट. ती एकदा पडली की कापडाने पुसून जात नाही. नव्या बूटवर जुना प्लग किंवा नव्या प्लगवर जुना बूट बसवला तर राहिलेली रेघ काही दिवसांत समोरच्या भागावरही वाट पाडते. तुमच्या गाडीत असंच झालं असावं, हा माझा पहिला अंदाज आहे. कॉइल बदलली, प्लग तोच ठेवला, आणि जुन्या प्लगवरच्या रेघेने नव्या कॉइलचा बूट खाल्ला. काही आठवडे बरी चालून परत बिघडण्याशी हे अगदी जुळतं. प्लग आणि बूट नेहमी एकत्र बदला.

इथे एक गैरसमज दूर करतो. चिनीमाती जिथे धातूच्या कवचात शिरते तिथे कधीकधी तपकिरी कडं दिसतं. ते बघून अनेकजण ‘प्लगमधून गॅस गळतोय’ म्हणून घाबरतात. ते गळतीचं लक्षण नाही. उच्च व्होल्टेजभोवतीच्या विद्युत क्षेत्रामुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात आणि डाग पडतो. कडं आडवं असतं आणि निरुपद्रवी असतं. आपल्याला शोधायची आहे ती उभी रेघ.

प्लगचा गॅपही मोजा. समजा कंपनीने १.१ मिलिमीटर सांगितलाय आणि टोक झिजून तो १.५ झालाय; तर प्रत्येक ठिणगीला कॉइलला जास्त व्होल्टेज चढवावं लागतं, दर मिनिटाला शेकडो वेळा. इन्सुलेशन त्या ताणाने आतून थकतं. झिजलेला प्लग कॉइलला मारतो तो असा, आणि माझ्याकडे येणाऱ्या ‘कॉइल टिकत नाही’च्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास संपतात, इरिडियम-प्लॅटिनमचे लाखाच्या आसपास जातात. पण अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला. सीएनजीवर पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे सीएनजी असेल तर प्लग आधी बदला आणि त्या इंधनासाठी सांगितलेला गॅपच ठेवा. पेट्रोलवर गाडी ठीक आणि सीएनजीवर झटके, असं होत असेल तर ते इग्निशन कमजोर असल्याचं चांगलं लक्षण आहे. इरिडियमचा गॅप मोजताना जपून. मधली बारीक सुई गेजने दाबली की तुटते.

प्लगचं जळतं टोकही बघून ठेवा. बाकी तीन फिकट तपकिरी आणि हा काळपट, पेट्रोलचा वास येणारा ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, म्हणजे ठिणगीचा संशय वाढला. कोरडा आणि पांढरट असेल तर इंजेक्टरकडे बघावं लागेल. धुतल्यासारखा लख्ख स्वच्छ असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल, आणि मग विषय कॉइलपेक्षा मोठा आहे.

होलमध्ये तेल सापडलं तर तो वेगळा गुन्हेगार. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटसोबत प्लगच्या नळ्यांना गोल सील असतात. ते कडक झाले की तेल झिरपतं आणि बूटचा रबर फुगून मऊ पडतो. मऊ रबरातून वीज सहज फुटते. इथे आधी सील बदलायचे, मग होल कोरडं पुसायचं, मग प्लग आणि बूट. उलट क्रमाने केलं तर नवा बूटही तेलातच बसणार. पाणी सापडलं तर शेवटचं इंजिन कधी धुतलं ते आठवा. दाबाच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर दुसऱ्या दिवशी मिसिंग, ही तक्रार मला नेहमीची आहे. हवेने होल सुकवून बूट आतून पुसला की बहुतेकदा सुटते.

हे सगळं स्वच्छ निघालं तर वायरिंग. इथे लोक मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात आणि वायर ठीक म्हणून सोडून देतात. एक गाडी माझ्याकडे आली होती, तिच्या एकाच सिलिंडरवर कॉइल बदलून बदलून मालक कंटाळला होता. कनेक्टरवर बारा व्होल्ट बरोबर होते. मी तिथे २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला तर तो मरतुकडा पेटला. वायर बोटांत घेऊन वाकवली तेव्हा एके ठिकाणी ती नको तितकी मऊ लागली; वरचं आवरण शाबूत होतं, आत तारा हिरव्या पडून दोन-चारच उरल्या होत्या. मीटरला करंट लागत नाही म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याच्यासमोर खोटी वायर टिकत नाही.

म्हणून चावी ऑन करून कनेक्टरच्या पॉझिटिव्ह पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बल्ब लावा आणि बॅटरीवर थेट लावल्यावर जेवढा पेटतो तेवढाच पेटतोय का बघा. कॉइलला वेगळी अर्थ पिन असेल तर तीही तशीच तपासा, बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून. ईसीएमकडून येणाऱ्या सिग्नलच्या पिनेला मात्र बल्ब कधीही लावू नका. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये ती जेमतेम पाच व्होल्टची बारीक सिग्नल वायर असते. बल्बचा करंट ईसीएमच्या आतला भाग जाळू शकतो. कुठली पिन कसली हे वायरिंगच्या नकाशात बघूनच हात घाला. नकाशा नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप आणि करंट मोजायचा क्लॅम्प आहे तो तर दोन मिनिटांत सांगेल: चांगल्या कॉइलचा करंट तिरक्या रेषेत चढतो, आत शॉर्ट झालेल्या कॉइलचा सुरुवातीलाच उभा उडी मारतो.

क्वचित वेळा ईसीएमचा ड्रायव्हर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा आतला भाग) स्वतः शॉर्ट असतो. मग चावी ऑन असेपर्यंत कॉइलमधून करंट सतत वाहतो. अर्ध्या-एक ओहमच्या प्रायमरीतून बारा व्होल्टला काही मिलिसेकंद ठीक आहे, सतत नाही. कॉइल भाजून निघते. ओळखायचं कसं? इंजिन थंड असताना चावी फक्त ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि दोन-तीन मिनिटांनी चावी बंद करून चारही कॉइलना हात लावून बघा. सगळ्या थंड हव्यात. एकच गरम लागली तर तिथे तिसरी कॉइल बसवू नका, आधी ईसीएम आणि त्याची वायर तपासून घ्या. याची उलट बाजूही आहे: आत शॉर्ट झालेली कॉइल तशीच चालवत राहिलं तर ती ड्रायव्हरला घेऊन जाते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना कॉइल प्लगवरून उपसून ‘ठिणगी पडते का’ बघणं बंद करा. जुन्या गाड्यांत प्लगची वायर काढून बघायची सवय होती, ती या कॉइलना चालत नाही. गॅप सापडला नाही की व्होल्टेज कॉइलच्या कमाल क्षमतेपर्यंत चढतं आणि ते इन्सुलेशन फोडून, कॉइलच्या आतून किंवा तुमच्या हातातून वाट काढतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इग्निशनजवळ उभंही राहू नये. कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायचं असेल तर इंजिन बंद करून त्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, मग इंजिन सुरू करा आणि आवाज बदलतो का ऐका. पेट्रोलही बंद राहतं, त्यामुळे कन्व्हर्टरला धोका नाही. आणि बाहेरच्या हवेत प्लगला ठिणगी दिसली म्हणजे सिलिंडरच्या दाबातही पडेल असं नाही. त्यासाठी मोठ्या गॅपचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरा.

अदलाबदलीत कॉइल निर्दोष ठरली, प्लगही दोन आणि तीनमध्ये बदलून बघितला, वायरिंग स्वच्छ, आणि तरीही दोनच अडतोय, तर इंजेक्टरची अदलाबदल आणि त्यानंतर कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचा विषय आहे. तुमची गाडी आयडलिंगला गुळगुळीत चालते म्हणताय, त्यामुळे मला तिथपर्यंत जावं लागेल असं वाटत नाही. कॉम्प्रेशन गेलेला सिलिंडर सहसा आयडलिंगलाच जास्त थरथरतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, चारही बदलायच्या का? प्लग चारही बदला, यात दुमत नाही. कॉइलचं परिस्थितीवर आहे. चारही कॉइल पहिल्यापासूनच्या, गाडी बरीच चाललेली, आणि दोन वेगवेगळ्या सिलिंडरवर थोड्या अंतराने कॉइल गेली असती, तर मी चारही बदला म्हटलं असतं. एकाच वयाच्या, एकाच उष्णतेत राबलेल्या कॉइल एकामागून एक जातात. जिथे कॉइलपर्यंत पोचायला मॅनिफोल्ड काढावा लागतो अशा इंजिनांतही एकदाच काम उरकणं शहाणपणाचं. तुमच्याकडे तसं नाही. एकच सिलिंडर त्रास देतोय आणि बाकीच्या तीन मुकाट काम करतायत. त्या तीन काढून टाकायचं मला कारण दिसत नाही. कॉइलचं अंग चांगलं असून फक्त बूट फाटला असेल, तर पुष्कळ गाड्यांना बूट आणि स्प्रिंग वेगळे मिळतात, तेवढंच बदला. कॉइलचं अंग मात्र रेझिन ओतून बंद केलेलं असतं. त्याला तडा गेला की चिकटपट्टी, एपॉक्सी, काहीही टिकत नाही. ती बदलायचीच.

नवी घ्यायची वेळ आलीच तर गाडीचा चासी नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घ्या. कनेक्टर बसतो म्हणून कॉइल तीच असं नसतं. आतून करंट चढायचा वेळ वेगळा असेल तर ईसीएम जेवढा वेळ देतो त्यात ती एकतर अर्धी भरते नाहीतर जास्त तापते. तुमची पहिली बदललेली कॉइल याच प्रकारची स्वस्तातली होती का, हेही बघा.

बसवताना प्लग आधी हाताने आटे लावून बसवा, पान्याने सुरुवात करू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे चढले की मोठं काम निघतं. शेवटचा टॉर्क पुस्तिकेतला, १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला तो बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. बूटच्या तोंडाशी आतून सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी चिकटणार नाही आणि दमट हवा शिरणार नाही. स्प्रिंगवर ग्रीस थापायचं नाही. कॉइल दाबताना प्लगवर बसल्याची जाणीव हाताला होते. ती झाली नाही तर पुन्हा काढून बघा. कॉइलचा छोटा बोल्ट हलकेच आवळा, प्लास्टिकचा कान लगेच तडकतो.

शेवटी कोड पुसून गाडी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये न्या. स्कॅनरमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दिसत असेल तर कोडची वाट बघू नका, ती मोजणी बघा. चारही सिलिंडर शून्यावर किंवा शून्याजवळ राहायला हवेत. मग महिन्याभराने दोन नंबरची कॉइल एकदा उचलून बूटच्या आत टॉर्च मारा. भिंत कोरडी आणि रेघ नसेल तर काम झालं. रेघेची सुरुवात दिसली तर प्लगचा गॅप, बूट आणि कॉइलचा पार्ट नंबर यांचे फोटो टाका, पुढचं तिथून बघू.